आधी जागा, मग झाड



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आमंत्रण दिले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही 'घरची बाग' हा विषय कळवला. चालकांपैकी एकांनी हसून विचारले, "मोर्चे काढणारा माणूस फुलांवर काय बोलणार?" आम्ही म्हटले, जे फाटकावर बोलतो तेच बोलू, फक्त मंडळी बदलतील.

एक गोष्ट आरंभीच कबूल केली पाहिजे. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हे. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यातले काही पुस्तकांतून वाचलेले आहे, आणि बरेचसे स्वतःच्या हातांनी झाडे मारून शिकलेले आहे. दुसऱ्या प्रकारचे शिक्षण महाग पडले, पण ते पक्के बसले.

तीन गुलाबांची गोष्ट

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही सातपूरला दोन खोल्यांच्या घरात राहावयास गेलो. घराला उत्तरेकडे एक गॅलरी होती. डिसेंबर महिना होता. आम्ही रोपवाटिकेत गेलो आणि पाच टपोरी लाल फुले असलेला एक गुलाब घेऊन आलो. तो गॅलरीत ठेवला व सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागलो. आठवड्यात फुले गळली. पंधरवड्यात पाने पिवळी पडली. महिनाअखेर कुंडीत चार काड्या उभ्या होत्या. आम्ही दुसरा गुलाब आणला. त्याचीही तीच गत झाली. तिसरा मेला तेव्हा आम्ही रागारागाने रोपवाटिकेत गेलो आणि तेथील वृद्ध माळीबुवांना म्हणालो, "काका, तुमचा मालच नाजूक आहे."

त्यांनी हातातले खुरपे बाजूला ठेवले आणि विचारले, "भाऊ, झाड ठेवलं कुठं? ऊन किती तास येतं तिथं? पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघत होता का?" एकाही प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही. "मग झाडाला कशापायी बोल लावता?" ते म्हणाले.

आम्ही ओशाळलो, आणि त्याला एक खास कारण होते. त्याच आठवड्यात एका कारखान्यात आमचे व्यवस्थापकांशी बोलणे झाले होते. भट्टीवरच्या एका कामगाराचे उत्पादन कमी पडते म्हणून त्याला आळशी ठरवले गेले होते. आम्ही म्हटले होते, "साहेब, आधी तो उभा राहतो ती जागा पाहा. तिथे उष्णता किती, वारा किती, पिण्याचे पाणी किती अंतरावर, हे पाहा आणि मग माणसाविषयी बोला." हा धडा आम्ही दिवसा दुसऱ्यांना देत होतो आणि संध्याकाळी आपल्याच गॅलरीत विसरत होतो.

त्या दिवसापासून बागेच्या बाबतीत आम्ही एकच नियम पाळतो : जागेची चौकशी आधी, झाडाची निवड नंतर. आजच्या व्याख्यानाचे सारही एवढेच आहे. फुलाच्या मोहाने झाड घरी आणावयाचे आणि मग त्याला जागा शोधावयाची, ही उलटी रीत आहे. आणि आपल्या घरांतून जी झाडे मरतात त्यांपैकी पुष्कळशी या रीतीनेच मरतात.

उन्हाचे हजेरीपत्रक

जागेची चौकशी म्हणजे सर्वप्रथम उन्हाची चौकशी. आपण म्हणतो, "आमच्याकडे भरपूर उजेड आहे." परंतु डोळा हा या बाबतीत मोठा फसवा साक्षीदार आहे. भर दुपारच्या उन्हात उजेडाचे माप सुमारे एक लाख लक्स भरते. खिडकीपासून चार पावले आत गेले की ते काही शेकड्यांवर येते. डोळा उजेडाशी जुळवून घेऊन हा फरक सांभाळून घेतो, म्हणून तो आपल्याला जाणवत नाही. झाडाला अशी सोय नाही. त्याचे अन्न पानांत उजेडावर तयार होते. उजेड शंभर पटींनी उतरला की उन्हातल्या झाडाची उपासमार सुरू होते. पाने फिकी पडतात, दोन पानांमधले अंतर वाढते, फांद्या लांबट होऊन उजेडाकडे वाकतात. पुष्कळ लोक या झाडाला 'खत कमी पडले' असे समजून खत घालतात. ज्याची चूलच विझली आहे त्याच्या घरी शिध्याची पोती टाकून काय उपयोग?

तेव्हा एखाद्या रविवारी एक कागद घ्यावा. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला आपल्या गॅलरीत, खिडकीत किंवा अंगणात जावे आणि ऊन कोठे पडले आहे त्याची नोंद करावी. आम्ही याला उन्हाचे हजेरीपत्रक म्हणतो. मात्र एका दिवसाच्या हजेरीवर महिन्याचा पगार काढू नये, कारण ऋतूप्रमाणे सूर्य आपली वाट बदलतो.

हे नाशिकच्या बाबतीत नीट समजून घेण्यासारखे आहे. आपले शहर सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे कलतो आणि दुपारीही क्षितिज व माथा यांच्या मध्यावरच राहतो. याचा अर्थ असा की, उत्तरेच्या गॅलरीत उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ थोडे ऊन येते आणि हिवाळ्यात मुळीच येत नाही. दक्षिणेच्या गॅलरीत याच्या उलट घडते. हिवाळ्यातले ऊन पार खोलीपर्यंत शिरते. पूर्वेची गॅलरी सर्वांत सुखाची, कारण तिला सकाळचे कोवळे ऊन मिळते. पश्चिमेची सर्वांत कठीण. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीनला तिथली फरशीसुद्धा पाय ठेवू देत नाही. आमचे तीन गुलाब डिसेंबरात उत्तरेच्या गॅलरीत का मेले, हे आता निराळे सांगावयास नको.

कोणत्या जागी कोणते झाड

हजेरीपत्रक हाती आले की निवड सोपी होते. ज्या जागी रोज सहा तास किंवा अधिक ऊन आहे, तेथे गुलाब, जास्वंद, मोगरा, झेंडू, शेवंती ही मंडळी सुखाने राहतात. दोन-चार तासांचे सकाळचे ऊन असेल, तर अबोली, अनंत, तगर, कोरांटी, गुलबक्षी यांना बोलवावे. कोरांटी काटेरी खरी, पण थंडीत बाकीची झाडे गारठलेली असताना ती फुलते आणि फारशी सेवा मागत नाही.

थेट ऊन मुळीच नाही पण उजेड चांगला आहे, अशी जागा असेल, तर फुलांचा हट्ट सोडावा आणि पानांची शोभा पाहावी. नेचे, मनीप्लांट, सिंगोनियम, स्नेक प्लांट ही झाडे मूळची दाट सावलीत किंवा मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारी आहेत, म्हणून ती आपल्या खोलीत तग धरतात. क्रोटन मात्र पानांचे झाड असूनही अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नये. उजेड कमी झाला की त्याच्या पानांतले लाल-पिवळे रंग उतरतात आणि ते नुसते हिरवे होऊन बसते.

पश्चिमेच्या तापलेल्या गॅलरीत बोगनवेल आणि सदाफुली लावावी. सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. भिंतीच्या फटीतसुद्धा ती उगवते, म्हणून आपण तिची किंमत करीत नाही. पण रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टिन हे औषध याच झाडापासून मिळाले आणि त्याने असंख्य लहान मुलांचे प्राण वाचवले. अर्थात ते काम प्रयोगशाळेचे आणि डॉक्टरांचे आहे. घरी सदाफुलीची पाने चावून कोणताही रोग बरा होत नाही, उलट अपाय होतो.

ज्यांना अंगण आहे त्यांच्याकडे मोरीच्या पाण्याची वाट असते. तेथे सदा ओल असल्याने गुलाब कुजेल, पण कर्दळ आणि सोनटक्का तेथेच वाढतील. आपल्या आजीने मोरीमागे कर्दळ लावली होती ती अडाणीपणाने नव्हे. तिने जागा पाहिली होती.

अंगणवाल्यांनी आणखी एक हिशेब करावा. आज हातभर दिसणारे रोप दहा वर्षांनी केवढे होईल? सोनचाफ्याचा मोठा वृक्ष होतो. रबराचे झाड हे वडा-पिंपळाच्या कुळातले. त्याची मुळे जोते उचकटतात. भिंतीला खेटून लावलेले झाड पुढे कोणीतरी तोडतो, आणि मग आपण तोडणाऱ्याला दोष देतो.

माती, पाणी आणि श्वास

उन्हानंतरचा दुसरा प्रश्न पाण्याचा. लोकांना वाटते, झाडे पाण्यावाचून मरतात. कुंडीतील झाडे बहुधा पाणी अधिक झाल्याने मरतात. मुळे नुसते पाणी पीत नाहीत, ती श्वासही घेतात. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांत हवा खेळत असते. रोज पाणी ओतून त्या पोकळ्या कायम भरून ठेवल्या की मुळे गुदमरतात, मग बुरशी येते आणि मुळे कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वरची पाने माना टाकतात. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो! आमचे गुलाब अर्धे सावलीने मेले आणि अर्धे या प्रेमाने मेले.

उपाय फुकटचा आहे. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट दोन पेरे खुपसावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. कोरडे लागले तर सावकाश, खालच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत घालावे. वरचेवर थोडे शिंपडण्यापेक्षा, गरज पडेल तेव्हा पोटभर पाजावे. मे महिन्यात गुलाबाला रोज लागेल, पावसाळ्यात आठ दिवस लागणार नाही, आणि सावलीतल्या स्नेक प्लांटला थंडीत पंधरा दिवसांतून एकदाही पुरेल. घड्याळ पाहून पाणी घालू नये, माती पाहून घालावे.

माती कशी असावी? आपल्या भागातली काळी माती शेताला सोने आहे, कुंडीत मात्र ती त्रास देते. ओली झाली की फुगते आणि चिकट होते. वाळली की दगड बनते आणि कडेने फट पडून सारे पाणी त्या फटीतून निघून जाते. म्हणून दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कचऱ्याचे खत आणि एक भाग विटांचा बारीक चुरा वा जाड वाळू, असे मिश्रण करावे. मूठभर निंबोळी पेंड घालावी. ताजे शेण घालू नये. ते मातीत कुजू लागले की मुळांना जाळते. कुंडीच्या भोकावर एक खापरी उपडी ठेवली म्हणजे पुरे. तळाशी खडीचा जाड थर द्यावा असे पुष्कळजण सांगतात, परंतु त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, ते वरच अडकून बसते आणि मुळांची जागा मात्र कमी होते.

कुंडी विकतची पाहिजे असे नाही. तेलाचा डबा, फुटका माठ, जुनी बादली, काहीही चालते. तळाला भोके मात्र हवीत. येथे आमच्या कामगार बंधूंना एक बजावून सांगतो. कारखान्यातून रसायनांचे रिकामे पिंप स्वस्तात मिळते, म्हणून ते कापून त्यात झाड लावण्याची पद्धत पडली आहे. असे पिंप घरात आणू नये. त्यात पूर्वी काय होते ते तुम्हांला ठाऊक नसते, ते कितीही धुतले तरी निघेल याचा भरवसा नसतो, आणि त्या मातीत तुमचे मूल हात घालणार असते.

झाडांनाही रात्र लागते

आता एक गंमत सांगतो. आमच्या एका सहकाऱ्याच्या दारात शेवंती होती. झाड हिरवेगार, ऊन भरपूर, माती उत्तम. पण दिवाळी गेली, नाताळ गेला, कळी धरेना. शेजारच्या दारातली शेवंती मात्र बहरलेली. दोघांच्या कुंड्यांत फरक एवढाच की, आमच्या मित्राच्या कुंडीवर रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा झोत पडत होता.

यामागचे कारण १९२० साली अमेरिकेतील गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आले. कित्येक झाडे दिवस-रात्रीची लांबी ओळखतात आणि तिच्यावरून फुलण्याची वेळ ठरवतात. पुढील संशोधनात असे दिसले की, शेवंतीसारखी झाडे मोजतात ती खरे म्हणजे रात्र. रात्र पुरेशी लांब आणि सलग अंधारी असेल तरच ती कळी धरतात. मध्ये उजेड पडला तर मोजणी मोडते. फुलांचे मोठे उत्पादक हीच युक्ती उलटी वापरून, रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर हवा तेवढा लांबवतात. नाताळात लाल पानांनी शोभणारा पॉइन्सेटिया याच पंथातला. मित्राने कुंडी दिव्याच्या आड सरकवली आणि काही आठवड्यांनी कळ्या दिसू लागल्या. आम्ही त्याला म्हटले, "बाबा रे, तू पंधरा वर्षे रात्रपाळी केलीस. रात्रीची झोप मोडली की काय होते हे तुझ्या शेवंतीने तुझ्या आधी ओळखले."

छाटणीचेही असेच आहे. लोक कात्री चालवण्यास भितात. पण आपण द्राक्षाच्या गावचे लोक आहोत. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी झाल्यावाचून द्राक्ष येत नाही, हे येथे लहान मूलही जाणते. गुलाबाला हाच ऑक्टोबर लागू आहे. पाऊस सरल्यावर वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि उरलेल्या बाहेरच्या डोळ्यावर तिरप्या कापाव्यात. गुलाबाचे कलम रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असते. त्या जोडाच्या खालून जो फुटवा येतो तो खुंटाचा असतो, तो दिसताच मुळापासून काढावा. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करावे, छाटणी करावी, आणि नवी पालवी दिसू लागताच खत-पाणी द्यावे. मग उन्हाळाभर तो ओंजळी भरतो.

बोगनवेलीचा स्वभाव निराळा. ही वेल ब्राझीलमधली. १७६७ साली फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हील याच्या सफरीवर असलेल्या कॉमर्सों या वनस्पतिज्ञाने ती टिपली, आणि तिला त्या दर्यावर्द्याचे नाव मिळाले. आपण जिला तिची फुले म्हणतो ती वस्तुतः रंगीत पाने आहेत. खरे फूल त्यांच्या मधोमध लहानसे पांढरट असते. या वेलीला पाणी आणि खत भरपूर दिले की ती नुसती पाने वाढवते. थोडी तहान सोसावी लागली की रंगाने पेटते. मात्र मालकवर्गाने यातून भलताच धडा घेऊ नये. तहानेने फुलणारी झाडे थोडी आहेत, आणि माणूस त्यांच्यात मोडत नाही.

शोभा आणि जबाबदारी

शोभेचे झाड घरी आणताना ते कोणाला इजा तर करणार नाही ना, हे पाहणे आपले काम आहे. कण्हेर दिसते सुंदर आणि काटकही आहे, पण तिचे पान, फूल, फांदी सारेच विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या मुले खेळावयास घेतात; तिचे बी पोटात गेले तर हृदयावर परिणाम होऊन मृत्यू येऊ शकतो. डिफेनबेकियाचे ठिपक्यांचे पान चावले तर त्यातील सुईसारख्या स्फटिकांनी जीभ व घसा सुजतो. ज्या घरात रांगते मूल आहे तेथे ही झाडे नकोत.

कुंडीखालच्या थाळीत साचलेले पाणी ही डासांची पाळणाघरे आहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्याच्या उबेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. थाळी आठवड्यातून एकदा नुसती उपडी करून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोनमहिने टिकतात. म्हणून ती घासून पुसावी. यात हयगय केली तर शोभा आपल्या घरात आणि ताप शेजाऱ्याच्या घरात, असे होते.

वजनाचा विचार तर आपण करीतच नाही. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की वीस-पंचवीस किलो भरते. अशा पंधरा कुंड्या म्हणजे चार-पाच माणसे चोवीस तास गॅलरीच्या टोकाला उभी करणे होय. जड कुंड्या भिंतीकडे ठेवाव्यात. कठड्यावर तर कुंडी ठेवूच नये; खालून कोणाचे तरी मूल जात असते.

आणि बागेतला काढलेला पाला, नको झालेल्या वेली नदीत टाकू नयेत. गोदावरीत पाणवेली पसरलेल्या आपण पाहतो. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली आणि तेथून देशभर पसरली. रानोमाळ माजलेली घाणेरीही अशीच बागेच्या शोभेसाठी या देशात आली. बागेच्या कुंपणाबाहेर गेलेली शोभा परत बोलावता येत नाही.

आता काय करावे

श्रोत्यांपैकी कोणी उद्या सकाळीच रोपवाटिकेत जाण्याच्या तयारीत असतील, तर त्यांना आमची विनंती आहे की, जाऊ नका. मे महिना झाडे लावण्याचा नव्हे. हा महिना चौकशीचा आहे. हजेरीपत्रक तयार करा, डबे गोळा करा, त्यांना भोके पाडा, माती कालवून ठेवा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडले की झाडे लावा.

ती विकतच घेतली पाहिजेत असेही नाही. जास्वंद, तगर, मोगरा, बोगनवेल, अबोली ही सारी पावसाळ्याच्या आरंभी फांदीपासून येतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत, दोन डोळे मातीत जातील अशी ती तिरपी खोचावी आणि कुंडी सावलीत ठेवावी. शेजारणीकडून फांदी मागून आणावी आणि आपल्याकडची एक द्यावी. एका इमारतीत दहा घरांनी असे केले तर वर्षभरात कोणालाही फारसा खर्च न होता दहा जातींची झाडे सर्वांकडे होतात. सहकार म्हणजे आणखी काय असते?

विकत घ्यावयाचेच असेल तर फुले मोजू नका. पानांची खालची बाजू पाहा. तेथे मावा किंवा कापसासारखा पिठ्या ढेकूण नाही ना, नवी पालवी निरोगी आहे ना, हे पाहा. घरी आणल्यावर पिठ्या ढेकूण दिसलाच, तर साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून काढावा आणि निंबोळी तेलाची फवारणी करावी. आणि पहिल्या वर्षी पाचच झाडे घ्या. पाच झाडे ओळखीची होतात, पंचवीस नुसती सांभाळावी लागतात.

शेवटी एका शंकेचे उत्तर देतो. आमच्या चळवळीतलेच काही मित्र विचारतात, "ज्याला महिनाअखेरची भ्रांत, त्याला फुले काय करायची?" आम्हांला हा प्रश्न पटत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली. ती काय फक्त सोमवारसाठी अंग ताजे व्हावे म्हणून? माणसाला स्वतःचे असे काही करावयास एक सकाळ मिळावी, हाही तिचा अर्थ आहे. त्या सकाळी कोणी पुस्तक वाचील, कोणी तबला वाजवील, कोणी कुंडीत बोट घालून ओल पाहील. फुले बंगल्याच्या हिरवळीवरच शोभतात असे मानणाऱ्यांत आम्ही सामील होणार नाही.

आमचे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. संप लांबला, खोली सोडावी लागली आणि आम्ही नाशिकला आलो. चाळीच्या गॅलरीत आईने वनस्पती तुपाच्या डब्यात गुलबक्षी लावली होती. डबा तिथेच राहिला. पण निघताना आईने मिऱ्यांसारख्या काळ्या बियांची एक पुडी पदराला बांधून आणली. पुढे एका पूर्वेच्या खिडकीत त्या रुजल्या.

त्या बियांची गुलबक्षी आजही आमच्या दारात आहे. पाच वाजले की ती उमलते; पहिली पाळी सुटून माणसे घरी परतलेली असतात ती हीच वेळ. आई नाही, वडील नाहीत; बिया दर वर्षी धरतात. आज जाताना ज्यांना हव्या असतील त्यांनी त्या घेऊन जाव्यात. आम्ही पुड्या बांधून आणल्या आहेत. घेताना एवढेच सांगावे की, तुमच्या दारात ऊन किती तास येते.